आधी हालवून घ्या

"आधी हालवून घ्या," असं स्वतःलाच बजावत कंपाउंडर खिशातून मोबाईल काढत, औषधाची बाटली धरावी तसा दोन बोटांत धरत आणि कानाशी नेऊन चांगला खालीवर हलवत. मग क्षणभर त्याच्याकडे निरखून बघत, तळाला बसलेलं वर आलं की नाही अशा नजरेने. तेवढं झालं की मगच त्याची वायर लॅपटॉपला जोडत.

गेल्या रविवारी तुमच्याशी बोलता बोलता माझा फोन अडकला आणि मी तो असाच हलवला. तुम्ही दोघं पोट धरून हसलात. "आजी, ते काय सिरप आहे का?" असं धाकटीने विचारलं. बरोबर विचारलंस, बाळ. सवय माझी नाही, माझ्या शेजाऱ्यांची आहे, आणि ते शेजारी तुम्ही कधी पाहिले नाहीत. तेव्हा जरा नीट बसून वाचा. शब्द अडला तर आईला विचारा. त्यांचं बोलणं मी त्यांच्याच तोंडचं ठेवलं आहे, आमच्याकडचं, तुमच्या पुस्तकातलं नाही.

त्यांना नाव होतं, पण ते सरकारी कागदापलीकडे कुणी वापरलं नसावं. सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर गोळ्यांच्या पुड्या बांधल्या आणि मिक्श्चरच्या बाटल्या भरल्या, म्हणून गावाचे ते कंपाउंडर. निवृत्त झाले तरी कंपाउंडर. त्यांची बायकोसुद्धा दारात येऊन "कंपाउंडर इकडे आले का?" असं विचारी. मी उमरखेडला कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं म्हणून मी मॅडम. तुमच्या आजोबांनी हौसेने धरणाच्या काठी शेतात घर बांधलं, थोडे दिवस राहिले आणि मला तिथे ठेवून गेले. कंपाउंडरांचं घर कुंपणाच्या पलीकडे. रोज सकाळी कुंपणावरून हाक यायची, "जयभीम मॅडम! बीपीची गोळी घेतली का?"

घेतली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "उपाशी पोटी तर नाई घेतली ना?"

त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट एक तर सकाळ-संध्याकाळ घ्यायची असे, नाहीतर जेवल्यावर. एकदा माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांनी त्यांना उमरखेडची एसटी कधी असते म्हणून विचारलं. कंपाउंडर गंभीरपणे म्हणाले, "एक सकाळी, एक संध्याकाळी. पण काही खाऊन बसजा."

आमचं गाव दोनदा वसलेलं. जुनं नदीकाठी होतं. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि माणसं वर टेकडीच्या कुशीत येऊन राहिली. त्या टेकडीने आधी वारा अडवला, आणि मोबाईल आल्यावर त्याची रेंजही अडवली. घरात फोन म्हणजे घड्याळ आणि बॅटरी, बाकी काही नाही. रेंज होती ती धरणाच्या ऐन मध्यावर, आणि ती सुदामला सापडली. सुदाम मासे धरायचा. पाण्याच्या मधोमध जाळं ओढत असताना त्याच्या खिशातला फोन वाजला आणि घाटंजीहून त्याची सासू बोलू लागली.

"बाप्पा! सासू धरणातबी सोडत नाई!" असं तो काठावर येऊन सगळ्यांना सांगत होता. लोक हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याला फोन करायचा तो सुदामच्या डोंग्यात, म्हणजे लहानशा होडीत, जाऊन बसू लागला. दोन टेकड्यांच्या फटीतून पलीकडच्या तालुक्यातला टॉवर दिसे तेवढ्याच अरुंद पट्ट्यात रेंज येई.

तो पट्टा नेमका जुन्या गावावर होता.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. डोंगा पाण्यात एका जागी उभा ठेवायचा तर दोराला बांधलेला धोंडा खाली सोडतात. पण जुन्या गावावर कुणी धोंडा सोडत नाही. जिथे कधी चूल पेटली त्या जागेवर दगड टाकायचा नाही. हे कुणी ठरवलं ते मला सांगता यायचं नाही, पण भोई पाळत, बौद्ध पाळत, वरच्या तांड्यावरचे बंजारा पाळत. सगळ्यांत कडक कंपाउंडर. एकदा बाहेरगावचे मासे धरणारे तिथे धोंडा सोडताना दिसले, तर हे काठावरून ओरडले, "अबे, तुह्या घराच्या कवेलूवर कोणी गोटा हाणला तर चालंल का तुले?" ती माणसं गोंधळून इकडेतिकडे पाहू लागली. चहूकडे नुसतं पाणी. छपरावरचं कौल कुठलं आणि घर कुठलं!

त्यामुळे रेंजच्या जागी डोंगा कधी उभा राहत नसे. वारा नेईल तिकडे सरकत राही आणि पट्ट्याबाहेर गेला की सुदाम वल्हं मारून पुन्हा आत आणी. फोनवर चार शब्द बोलायला तेवढं पुरत होतं.

कंपाउंडरांना दोन मुली आणि त्यांच्या पाठीवरचा संघपाल. तो पोरगा धरणाच्या काठी वाढला, माशासारखा पोहायचा. बारावीनंतर कुठेतरी जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण घेतलं आणि खरोखर समुद्रावर गेला. यवतमाळ जिल्ह्यातला पोरगा आणि समुद्र! लोक विचारत, "कंपाउंडर, पोट्ट्याले पाण्यातच कायले धाडलं?" हे म्हणत, "म्या कुठी धाडलं? सरकारनं पाणी दारापाशी आणून ठेवलं, थे पोट्टं त्याच्या मागंमागं गेलं." स्वतः कंपाउंडरांना पोहता येत नव्हतं. डोंग्यात बसले की मधल्या फळीला दोन्ही हातांनी धरून ठेवत.

संघपालने सुट्टीत येऊन वडलांना आपला जुना लॅपटॉप दिला, मेलचा पत्ता काढून दिला आणि बटणांच्या मोबाईलला वायर लावून मेल कसा उतरवायचा ते शिकवलं. जहाजावरून फोन क्वचित लागे, मेल मात्र जाई. तेव्हापासून दर रविवारी न्याहारीनंतर कंपाउंडर लॅपटॉप खताच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून निघत. हौस म्हणून मीही जात असे. उन्हात पडद्यावर काही म्हणता काही दिसत नसे, म्हणून एक जाड चादर न्यायची आणि ती डोक्यावरून घेऊन आत वाचायचं. कंपाउंडर आणि मी दोघंही चादरीत, आणि बाहेर सुदामची जीभ मोकळी.

"मॅडम, म्या पाठ करून बसू का? कोणी पाह्यलं तर माह्यं नाव नका सांगजा."

"गप बस अन् वल्हं मार," चादरीतून कंपाउंडर.

"मोबाईल हालवला का पण? खोकला जमला असन त्याच्यात."

"हालवला."

संघपाल इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. कंपाउंडर एकेक शब्द मोठ्याने लावत. इथे पाऊस आहे, डाळ बरी मिळते, परवा समुद्रात डॉल्फिन पाहिले. मग एका बोटाने उत्तर. ते उत्तर मला पाठ झालं होतं, कारण ते कधी बदललं नाही: जेवलास का, पाणी उकळून पी, आई बरी आहे. काठावर संघपालची आई उभी असे. ती डोंग्यात कधी बसली नाही. तिच्यासाठी खूण ठरलेली होती. मेल आला की आम्ही छत्री उघडायची. छत्री उघडली की ती तिथूनच घरी वळायची आणि भाकरी टाकायला लागायची. मजकूर काय ते तिने फारसं विचारलं नाही. आला, एवढं पुरे.

एका रविवारी मेल आला नाही, आणि दुसऱ्या सकाळी कुंपणावरून गोळीची चौकशीही आली नाही; कंपाउंडर एकटेच सुदामबरोबर पाण्यावर गेले होते. दुपारी कंपाउंडर माझ्या दारात उभे राहिले. लॅपटॉप उघडाच, दोन्ही हातांवर आडवा धरलेला, भरलेलं ताट आणावं तसा. बंद केला तर आतलं निघून जाईल या भीतीने त्यांनी तो डोंग्यातून तसाच उघडा आणला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "इंग्रजी आलं."

मी वाचलं. जहाजाच्या कंपनीचं पत्र होतं. जहाज समुद्रात चाच्यांनी ताब्यात घेतलं आहे. कर्मचारी सुखरूप असल्याचं समजतं. कंपनी संबंधितांच्या निकट संपर्कात आहे, कुटुंबीयांच्या भावनांची तिला जाणीव आहे आणि योग्य वेळी योग्य ती माहिती कळवण्यात येईल. मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. चाचे म्हणजे समुद्रावरचे डाकू, हेही सांगितलं. कंपाउंडर उभेच होते.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

"मॅडम, ह्याच्यात औषध कोणतं अन् पाणी कोणतं?"

मी पत्र वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं. आयुष्यभर मी मुलांना उतारा देऊन त्यातलं मुख्य ते शोधायला शिकवलं होतं. "भाऊ, सुखरूप आहेत एवढं औषध," मी म्हटलं. "बाकी पाणी."

"थेच म्हणलं," ते म्हणाले. "आमीबी देत होतो. औषध संपलं की पाण्यात रंग टाकून. पेशंटले वाटलं पायजे ना, काही भेटलं म्हणून."

त्यानंतर आमच्या फेऱ्या रविवारपुरत्या राहिल्या नाहीत. तुम्ही विचाराल, उमरखेडला जाऊन एखाद्या दुकानात मेल का नाही पाहिला? दोनदा गेलो. दिवस मोडायचा, वीज गेलेली असायची, आणि शेजारच्या खुर्चीवर पोरं मोटारींचे खेळ खेळत असताना आपल्या मुलाच्या जिवाची बातमी वाचायला कंपाउंडरांना नको वाटे. "डोंगाच बरा," ते म्हणत. "तिथी कोणी मान लांबवत नाई."

कंपनीची पत्रं येत राहिली. दर वेळी चादरीत शिरून मी वाचायची आणि दर वेळी तो प्रश्न ठरलेला, औषध कोणतं अन् पाणी कोणतं. बोलणी सुरू आहेत. बोलणी प्रगतिपथावर आहेत. बोलणी नाजूक टप्प्यावर आहेत. मला इंग्रजीचा राग कधी आला नव्हता, तेव्हा आला. इतकी सुबक वाक्यं होती ती, एका जागी चूक काढता आली नसती. छत्री मात्र आम्ही प्रत्येक वेळी उघडायचो. मेल आलाच होता ना! काठावरून ती माउली घरी जायची आणि भाकरी टाकायची. सुदामनेही थट्टा सोडली होती. एकदाच म्हणाला, "दादा, ते डाकू लोक घरी सासूलेबी अशेच छळत असतील का?" कंपाउंडर हसले. मला वाटतं त्याला बरं वाटावं म्हणून हसले.

मग फोटोचा दिवस आला. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे दुपारचा वारा सुटतो. त्या दिवशी तो सकाळपासूनच होता. कंपनीने लिहिलं होतं की जहाजावरच्या सर्वांचा फोटो मिळाला आहे आणि तो सोबत जोडला आहे.

तुम्हाला हे खोटं वाटेल, पण त्या काळी त्या फोनवरून फोटो एकदम दिसत नसे. वरून खाली, सुतासुताने उतरायचा, खिडकीचा पडदा कुणी आळसात खाली ओढत असावं तसा. मध्ये रेंज तुटली की सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा वरून सुरुवात.

पहिल्यांदा नुसतं आकाश आलं. डोंगा सरकला, तुटलं. सुदामने घाम गाळून डोंगा परत आणला. पुन्हा आकाश, मग एक गंजका खांब, लोखंडी कठडा. तुटलं. तिसऱ्यांदा सुदाम वाऱ्याकडे तोंड करून नुसता वल्हं मारत राहिला, जागच्या जागी राहण्यासाठी. आकाश, खांब, कठडा आणि त्याच्या खाली केस. मागच्या रांगेतल्या माणसांचे केस. त्यात एका डोक्यावर केसांचा एक झुपका ताठ उभा.

कंपाउंडरांनी माझा हात धरला. कधी धरला नव्हता. "हा पाहा. हा हाये. जन्मल्यापासून खोबऱ्याचं तेल लावून दाबला हा झुपका. बसलाच नाई."

कपाळ आलं. भुवयांची सुरुवात झाली. आणि डोंगा सरकला.

चादरीच्या आत आम्ही दोघं कोऱ्या पडद्याकडे पाहत राहिलो. बाहेर सुदामचा श्वास भात्यासारखा वाजत होता. "दादा, हात गेले माहे. वारा आयकत नाई." मग खालच्या आवाजात, "धोंडा सोडू का?"

मी म्हटलं, "भाऊ, उद्या उमरखेडला जाऊ. सकाळच्या एसटीने. तिथे एका मिनिटात दिसेल."

"उद्या?" त्यांनी चादर डोक्यावरून काढली. "मॅडम, कपाळापर्यंत आला तो. कपाळापर्यंत आलेल्याले उद्या ये म्हणू का?"

धोंडा सुदामच्या पायाशी पडला होता, निळ्या दोराचा. कंपाउंडरांनी फळी सोडली. पोहता न येणारा तो माणूस हलत्या डोंग्यात गुडघ्यावर सरकत गेला आणि त्याने धोंडा मांडीवर घेतला. सुदाम पुढे झाला, तर म्हणाले, "तू नको. माह्या घरावर मीच." त्यांनी धोंडा टाकला नाही. दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि दोर वीत वीत सोडत गेले, झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालताना हात जसे हळू होतात तसे. ओठ हलत होते. मी इतकंच ऐकलं, "माय, मी हाये. सरक जराशी."

दोर ढिला पडला. खाली काहीतरी लागलं होतं. सुदामने तोंड दुसरीकडे वळवलं.

डोंगा उभा राहिला. आम्ही पुन्हा चादरीत शिरलो. "आधी हालवून घ्या," मीच म्हटलं, कारण त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांनी फोन हलवला, हात ओले होते. आकाश आलं. खांब, कठडा, केस, तो झुपका. कपाळ. भुवया. आणि त्या भुवयांखाली दुसऱ्याच कुणाचे डोळे होते. दाढी वाढलेला कुणी परका मुलगा. पडदा उतरत राहिला, मागची रांग झाली, पुढची झाली, उकिडवे बसलेल्यांची झाली, शेवटी त्यांचे अनवाणी पाय आले आणि फोटो संपला.

संघपाल त्यात नव्हता.

आम्ही एकेक चेहरा पुन्हा पाहिला. कंपाउंडर बोट ठेवून पाहत होते, जणू चेहऱ्यामागे चेहरा असेल. मग म्हणाले, "छत्री उघडा मॅडम. ती केव्हाची उभी हाये."

मी छत्री उघडली. ती घराकडे वळली.

परतताना धोंडा त्यांनीच वर ओढला. त्याला काळा गाळ लागला होता, सुदाम धुवायला गेला तर त्यांनी धुऊ दिला नाही. घरी नेऊन तो पाण्याच्या माठाशेजारी ठेवला. सुदामला दुसरा धोंडा शोधावा लागला.

मी कंपनीला लिहिलं, आमचा मुलगा फोटोत का नाही? उत्तर आलं की एक-दोन कर्मचारी तापामुळे खाली विश्रांती घेत होते, चिंतेचं कारण नाही. हे वाचून झाल्यावर कंपाउंडरांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. ताप हा शब्द त्यांच्या खात्यातला होता. ते ताठ बसले.

"लिहा मॅडम. मी सांगतो, तुमी इंग्रजी करा. पाणी उकळून, गार करून. एका लिटरात चिमूटभर मीठ, मूठभर साखर. घोट घोट द्यायचं, एकदम नाई. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. तापाची गोळी जेवल्यावर. उपाशी पोटी नाई, हे दोनदा लिहा. थंडी वाजून येत असंल तर मलेरिया, त्याची गोळी वेगळी, थे कोणत्या बंदरावर भेटंल पाहा."

मी लिहीत गेले. काठापासून इतक्या दूर, पाण्यावर, चादरीच्या अंधारात, कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी ऑफिसला मी साखर-मिठाचं प्रमाण कळवत होते, का तर त्यांनी ते डाकूंना सांगावं आणि डाकूंनी ते आमच्या संघपालला द्यावं.

"समजंल ना त्याहिले?"

"कोणाला, भाऊ?"

"डाकूहिले. तेबी कोणाचे लेकरं असतीन. त्याहिलेबी ताप येत असंल." मग म्हणाले, "अन् बाटलीतलं औषध असंल तर लिहा, आधी हालवून घ्या."

मी तेही लिहिलं. सुदाम हसला नाही. मेल गेला, तशी खूण पडद्यावर आली, आणि कंपाउंडरांचा चेहरा एवढा मोकळा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना. पहिल्यांदाच त्यांना काहीतरी करता आलं होतं.

त्याचं उत्तर आलं नाही. नंतर कंपनीची पत्रंच बंद झाली. आम्ही लिहिलेले मेल परत येऊ लागले, असा पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. मी मुंबईला लिहिलं, दिल्लीला लिहिलं, दर खेपेला आधीपेक्षा चांगलं इंग्रजी लिहिलं. सरकारी उत्तरं आली, तीही सुबक. पावसाळा गेला, कापूस फुटला, वेचून झाला. आम्ही डोंग्यात जात राहिलो. छत्री मिटलेली.

शेवटी एक मेल आला तो केरळातल्या एका मुलाचा. त्याच जहाजावरचा. ते सुटले होते, आपापल्या घरी पोचले होते. वडलांच्या मेलचा पत्ता संघपालच्या तोंडून त्याने इतक्यांदा ऐकला होता की तो त्याच्या लक्षात राहिला होता. साधं, तुटकं इंग्रजी होतं, कंपनीसारखं सुबक नाही. मी आधी मनात वाचलं.

"सांगा," कंपाउंडर म्हणाले.

मी सांगितलं. संघपाल फार चांगला मुलगा होता, सगळ्यांना हसवायचा. त्याला ताप आला. उतरला नाही. एक दिवस त्या लोकांनी त्याला छोट्या बोटीत घातलं आणि किनाऱ्यावर नेलं. का, ते सांगितलं नाही. त्यानंतर आम्ही त्याला पाहिलं नाही. कोणाला विचारावं हे आम्हाला कळलं नाही. माफ करा.

चादरीत उकडत होतं. डोंगा संथ सरकत होता, खाली त्यांचं अंगण होतं का गल्ली होती कोण जाणे. आता ते विचारतील, औषध कोणतं अन् पाणी कोणतं, आणि मी काय सांगू, असं माझ्या मनात चाललं होतं. त्यांनी विचारलं नाही.

"किनाऱ्यावर नेलं," ते म्हणाले. "असंच लिहिलं ना त्यानं?"

"हो, भाऊ."

"मंग चांगलंच झालं ना मॅडम." त्यांनी चादर बाजूला केली आणि उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "पाण्यातून तर काढलं."

मग त्यांनी स्वतःच छत्री उघडली आणि उंच धरली, काठावरून नीट दिसावी म्हणून. ती वळली आणि घराकडे भराभर चालू लागली.

तिला घरी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांच्या घरातून भाकरीचा वास आला, एवढं मला माहीत आहे.

पुढे आमच्या टेकडीवर टॉवर उभा राहिला आणि घराघरात रेंज आली. कंपाउंडरांना ती मानवली नाही. अंगणात बसून मेल उघडता येत असूनही ते सुदामला हाक मारत आणि पाण्यावर जात. "तिथी सवय हाये," म्हणत. एका हिवाळ्यात छातीत कफ साठला आणि ते गेले. जायच्या आधी लॅपटॉप त्याच खताच्या पिशवीत गुंडाळून माझ्याकडे आणून दिला होता. मेलचा परवलीचा शब्द सांगितला, तो संघपालच्या आईचं नाव. "तुमी पाहत राहजा, मॅडम. म्या नसलो म्हणून त्याचा मेल परत नको जायले." संघपालची आई आता मोठ्या मुलीकडे लोहाऱ्याला असते. पलीकडच्या घराला कुलूप आहे. तो धोंडा ती जाताना दारात ठेवून गेली. सुदामच्या मुलाने मागितला होता, सुदामने नेऊ दिला नाही.

तो लॅपटॉप केव्हाच बंद पडला. त्यांचं टपाल मी आता माझ्या फोनवर पाहते. येतं ते सगळं जाहिरातींचं, कर्ज घ्या, चपला घ्या, परदेशात सहलीला चला. ते मी रोज पुसून टाकते. टपालपेटी भरून गेली तर नवा मेल आत शिरत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. म्हणून जागा मोकळी ठेवावी लागते.

सकाळी बीपीची गोळी झाली की मी ओट्यावर येऊन बसते. समोर पाणी दिसतं, सुदामचा डोंगा दिसतो. तुम्ही हसलात त्याचं मला काही वाटलं नाही, खुशाल हसा. पण उद्या सकाळीही मी आधी फोन हलवून घेईन, आणि मगच उघडेन. न्याहारी झाल्यावर. उपाशी पोटी नाही.